तिसऱ्या बाकाची चूक

लोथार पाप्के यांनी गेल्या चाळीस वर्षांत राजवाड्यात पाऊल टाकलं नव्हतं आणि याचा त्यांना अभिमान होता. पोट्सडामचा अस्सल माणूस राजवाडा बघायला जातच नाही. राजवाडा बघायला बाहेरचे येतात. त्यांनी रस्ता विचारला की आपण हात लांब करायचा, आणि शेजारी दुसरा पोट्सडामकर उभा असेल तर तो हात चुकीच्या दिशेला आहे हे त्याच्याकडून ऐकून घ्यायचं. पाप्के तर मोजणी खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेले गृहस्थ. राजवाड्याची उंची, उतार, कारंज्यापासूनचं अंतर हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ज्याला अंतर माहीत आहे त्याला जायची गरज काय, असं ते म्हणत.

पण समोरच्या दारात हेफेले राहायला आले आणि पाप्केंच्या पोटात दुखायला लागलं.

हेफेले दक्षिणेकडचे, स्वाबियातले. निवृत्त दंतवैद्य. सहा वर्षांपूर्वी सामान उतरवल्यावर या माणसाने पहिलं काम काय केलं असेल, तर जिना झाडला. आपल्या पाळीच्या आठवड्यात झाडला असता तर कुणाची हरकत नव्हती, पण तो आठवडा पाप्केंचा होता. पाप्के शनिवारी केरसुणी घेऊन बाहेर आले तर जिना आरशासारखा लखलखत होता आणि तळमजल्याच्या टिट्झेबाई म्हणत होत्या, "या जिन्याला पायऱ्या आहेत हे मला आज कळलं." ते वाक्य पाप्केंच्या काळजात रुतून बसलं.

पुढे वर्षभरात हेफेलेंनी राजाबद्दलची चार पुस्तकं वाचली, एक पिवळीधमक छत्री घेतली आणि दर गुरुवारी दहा वाजता लोकांना राजवाड्याच्या बागेत फिरवायला सुरुवात केली. तेही फुकट. पोट्सडाममध्ये जन्मलेल्या माणसांना पोट्सडाम दाखवायचं काम श्टुटगार्टकडच्या दंतवैद्याने करायचं, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. तेही पाप्केंनी एक वेळ सोसलं असतं. पण दर गुरुवारी त्यांची बायको मारलीससुद्धा जायची. पाच वर्षं. एकही गुरुवार न चुकता. जाताना निळा स्कार्फ बांधायची आणि येताना गाल लाल करून यायची, आणि मग दुपारी केक कापताना काहीतरी गुणगुणायची. एकच बाग, एकच राजा, एकच छत्री. तिथे दर आठवड्याला नवीन काय घडतं, हे पाप्केंना विचारवत नव्हतं आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"आज काय सांगितलं तुझ्या दंतवैद्याने?"

"तेच. गेल्या वेळचं."

"मग गेलीस कशाला?"

"एबरहार्ट छान सांगतो," मारलीस म्हणायची.

एबरहार्ट. आणि सांगतो. हे दोघं कधी एकमेकांना अरे-तुरे करायला लागले, याची नोंद पाप्केंकडे नव्हती. ते स्वतः अजून "हेफेलेसाहेब, तुम्ही" वर ठाम होते. वयाने मोठ्या माणसाने आधी "मला तू म्हण" म्हणायचं असतं. पाप्के हेफेलेंपेक्षा अकरा आठवड्यांनी मोठे होते आणि हा अकरा आठवड्यांचा अधिकार त्यांनी सहा वर्षं तिजोरीत ठेवल्यासारखा जपला होता.

मे महिन्यात मारलीसच्या बहिणीचा, उटेचा, मागडेबुर्गहून फोन आला. तिचं गायनमंडळ शनिवारी राजवाडा बघायला येणार होतं. अकरा बाया आणि खर्जात गाणारे एकुलते एक क्नोपसाहेब. मारलीसने फोन ठेवला आणि नाश्त्याच्या टेबलावर सहज म्हणाली, "एबरहार्टला सांगते."

पाप्केंनी उकडलेल्या अंड्याचं डोकं एका घावात उडवलं. "मी दाखवीन."

"काय?"

"राजवाडा."

"तू?" मारलीसने कप खाली ठेवला. "लोथार, तू आतमध्ये शेवटचा कधी गेला होतास?"

"मी इथे जन्मलोय. मी जर नीट दाखवला, तर तुझे गुरुवार बंद."

"आणि नाही जमलं तर?"

"तर गुरुवारबद्दल मी जन्मात चकार शब्द काढणार नाही."

तिने टेबलावरून हात पुढे केला. दोघांनी मधाच्या बरणीवरून हात मिळवले आणि पाप्केंच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे फक्त पाच दिवस आहेत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. टिट्झेबाई म्हणाल्या, "बाया आहेत ना? मग राजा-बिजा विसरा. संडास कुठे आहेत ते पाठ करा आणि खिशात सुटे पन्नास सेंट ठेवा. माझ्या मावसबहिणीला ड्रेस्डेनमध्ये सगळं दाखवलं, तिला आजवर फक्त संडासाची रांग आठवते." बेकरीतल्या माणसाने सांगितलं की विनोद केल्याशिवाय लोक ऐकत नाहीत. पाप्केंनी घरी येऊन एक विनोद लिहून काढला. त्यात उताराचा कोन होता.

मग त्यांनी बागेच्या कार्यालयाला फोन लावला. नियमाने वागणाऱ्या माणसाला नियम शोधून काढल्याशिवाय चैन पडत नाही.

"म्हणजे बारा-चौदा जण चालणार आणि एक जण बोलणार?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"हो."

"मोठ्याने?"

"सगळ्यांना ऐकू जाईल इतपत."

"मग ते मार्गदर्शन झालं. अर्ज करावा लागेल."

"अहो, माझी मेहुणी आहे."

"मेहुणीशी हळू बोललात तर कुटुंब. मोठ्याने बोललात तर मार्गदर्शन."

कुणी न विचारता त्यांनी हे विचारलं होतं, त्यामुळे आता अर्ज आला. अर्जात एक रकाना होता, मार्गदर्शकाची ओळखखूण. छत्री, झेंडा वगैरे. छत्री लिहिणं म्हणजे हेफेलेंची नक्कल. पाप्के तळघरात गेले आणि कोपऱ्यातून त्यांची जुनी मोजणीची काठी बाहेर काढली. दोन मीटर उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, खाली लोखंडी टोक. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना घड्याळ दिलं होतं आणि ही काठी त्यांनी मागून घेतली होती. रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "लाल-पांढरी मोजणीची काठी, एक." शुक्रवारी शिक्का मारलेली परवानगी आली. पाप्केंनी ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून छातीवर लटकवली. राजवाड्याची वेळेची तिकिटंही घेऊन झाली होती. प्रवेश अकरा वाजून वीस मिनिटांनी.

शनिवारी गाडी वेळेवर आली, बाया वेळेवर उतरल्या आणि फलाटावर पाप्केंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मारलीसच्या शेजारी हेफेले उभे होते. छत्री मिटलेली होती, पण होती.

"मी नुसता ऐकायला आलोय, पाप्केसाहेब," हेफेले नम्रपणे म्हणाले. "माझ्या तिकिटाची काळजी करू नका, माझ्याकडे वर्षाचा पास आहे."

वर्षाचा पास. हेही ऐकवून झालं. उटेने हेफेलेंकडे बघून विचारलं, "हेच का ते छान सांगणारे?" मारलीस म्हणाली, "आज लोथार सांगणार आहे." यावर अकरा बाया "हो का" म्हणाल्या. तो "हो का" पाप्केंना मुळीच आवडला नाही.

बागेच्या अलीकडे एक रस्ता ओलांडायचा होता. पादचाऱ्यांचा दिवा लाल होता. पाप्के काठी रोवून थांबले, मागे चौदा जण थांबले. रस्त्यावर गाडी नव्हती, सायकल नव्हती, कुत्रंही नव्हतं. दिवा लालच. मिनिटं जात होती. क्नोपसाहेब खर्जात म्हणाले, "जाऊ या का? कुणी नाहीये." पाप्केंनी वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरकले. समोरच्या घराच्या खिडकीत एक लहान मूल नाक काचेला लावून बसलं होतं. मुलांदेखत लाल दिव्यात रस्ता ओलांडणारा माणूस लोथार पाप्के नव्हता. वेळ सत्कारणी लावावा म्हणून त्यांनी विनोद सांगितला. उताराच्या कोनापाशी कुणी हसलं नाही.

नवव्या मिनिटाला एक आजीबाई चालायच्या आधाराची गाडी ढकलत आल्या, पाप्केंना म्हणाल्या, "सरका जरा," आणि त्यांच्या पाठीमागच्या खांबावरचं बटण दाबलं. दिवा हिरवा झाला.

पंधरा सुशिक्षित माणसं नऊ मिनिटं बटणाशेजारी उभी होती आणि बहुतेकांना वाटलं होतं की पुढाऱ्याने ते दाबलंय. पाप्के काठी उचलून तरातरा निघाले. मान ताठ होती, पण कान लाल झाले होते.

उशीर तिथेच संपला असता. पण बागेच्या दारात शिकारी टोपीतले एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. त्यांनी आधी काठी पाहिली, मग पाप्केंना.

"काय बांधताय इथे?"

"काहीच नाही."

"मागच्या खेपेला तळ्याकाठी पण काहीच नव्हते बांधत. मग वाहनतळ झाला."

"अहो, मी पाहुण्यांना राजवाडा दाखवतोय."

"काठी घेऊन?"

पाप्केंनी रुबाबात छातीवरचा कागद पुढे केला. गृहस्थांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचलं, "लाल-पांढरी मोजणीची काठी, एक. परवानगी आहे." आणि मागे वळून हाक दिली, "ब्रिगिटे, शिक्क्यासकट आहे. लिंडेनची झाडं तोडणार आहेत."

कुठून जमले कोण जाणे, पण पाच मिनिटांत वीसेक पेन्शनर गोळा झाले. एका बाईने वहीचं पान फाडून "आमची झाडं" असं शीर्षक लिहिलं आणि खाली सह्या घ्यायला सुरुवात केली. उटेच्या मंडळातल्या तिघींनी सही केली, कारण झाडांवर कुणाचा राग नसतो. बागेचा रखवालदार आला. त्याने कागद वाचला, तो बिनचूक आहे असं सांगितलं, आणि मग लोखंडी टोक हिरवळीत रुतलेलं दाखवून विचारलं, "परवानगी काठीची आहे. भोकाची आहे का?"

राजवाड्याच्या दारात ते पोचले तेव्हा अकरा एकतीस झाले होते. दारावरच्या मुलीने तिकिटं पाहिली आणि घड्याळ पाहिलं.

"अकरा वीसची गेली."

"अकराच मिनिटं झालीत," उटे म्हणाली.

"पुढचा प्रवेश चार चाळीसला."

मंडळाची परतीची गाडी चार बाराला होती. मुलगी चुकत नव्हती, हेच तर दुखणं होतं. पाप्के तिच्या जागी असते तर त्यांनीही सोडलं नसतं. त्यांच्यामागे अकरा बाया माना वळवून हेफेलेंकडे बघत होत्या. हेफेले आकाशाकडे बघत होते.

पाप्केंनी सगळ्यांना राजाच्या थडग्यापाशी नेलं. बटाटा या देशात रुजवला म्हणून लोक राजाच्या साध्या दगडी फरशीवर बटाटे ठेवतात, तेवढा तरी मान पाहुण्यांच्या हातून घडावा. पिशवीत त्यांच्या स्वतःच्या मळ्यातले बटाटे होते. प्रत्येकीने वाकून एकेक ठेवला. क्नोपसाहेब वाकले आणि म्हणाले, "ऊबदार आहे." पाप्के म्हणाले, "ऊन आहे आज." मग ते उंचीबद्दल बोलले. समुद्रसपाटीपासून किती, पायथ्यापासून किती, पायऱ्या किती, प्रत्येक पायरी किती सेंटिमीटर. दोघी खाली बसल्या. एकीने बूट काढला.

जेवायला ते कारंज्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या बाकांवर आले. मारलीसने दही-पनीराचं भांडं आणि जवसाच्या तेलाची बाटली काढली, दुसरी पिशवी उघडली आणि तिचा हात पिशवीतच थांबला. आत तळघरातले कच्चे, बोटभर कोंब फुटलेले बटाटे होते. पहाटे उठून जेवणासाठी उकडलेले, फडक्यात गुंडाळलेले पंधरा बटाटे वर राजापाशी होते.

"आणू का परत?" क्नोपसाहेबांनी विचारलं.

"थडग्यावरचं?" पाप्के म्हणाले. "आपण काही अगदीच..." बायांनी दही-पनीर नुसतं चमच्याने खाल्लं. क्नोपसाहेब पाय मोकळे करायला म्हणून गेले आणि चावत चावत परत आले. "राजाकडे पुष्कळ होते," एवढंच ते बोलले.

पाप्केंनी काठी बाकाला टेकवली. बटणाने, झाडांनी, अकरा मिनिटांनी मिळून जेवढं नाक कापायचं तेवढं कापून झालं होतं. आता फक्त हिशेबाला कुणीतरी सापडायला हवं होतं, आणि ते पिवळी छत्री मांडीवर घेऊन समोरच बसलेलं होतं.

"हेफेलेसाहेब, बटण दाबलेलं नाही हे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग तोंडात काय बटाटा होता?"

"मारलीसने ताकीद दिली होती. आज तोंड उघडायचं नाही म्हणाली. काहीही झालं तरी. आजचा दिवस लोथारचा आहे म्हणाली."

पाप्केंनी बायकोकडे पाहिलं. ती तेलाच्या बाटलीचं झाकण उगाचच परत परत घट्ट करत होती. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. ती त्यांच्या बाजूने उभी होती आणि तरीही ते हरले होते, म्हणजे दोष द्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

"बोला आता," ते म्हणाले. "गुरुवारी बोलता ते बोला. पैज मी हरलो. हिचे गुरुवार हिला लखलाभ."

हेफेलेंनी मारलीसकडे पाहिलं. ती जरा लाजली आणि तिने मान हलवली. हेफेले उठले, पाहुण्यांना घेऊन रांगेतल्या तिसऱ्या बाकापाशी गेले आणि छत्री न उघडता बोलायला लागले.

"राजाच्या गोष्टी तुम्हाला पुस्तकात मिळतील. ही मिळणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी, राजाच्या अस्थी अजून इथे आणल्या नव्हत्या, वर नुसती त्याची कुत्री पुरलेली होती, तेव्हा या बाकावर एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती. तिथे मोजणी खात्याचा एक तरुण आला. त्याचा मदतनीस आजारी होता. तो म्हणाला, बाई, ही काठी जरा सरळ धरता का. तिने धरली. तो पलीकडे दुर्बिणीमागे गेला आणि पन्नास मिनिटं तिथून हलला नाही. एवढं अंतर मोजायला, मी चौकशी केली आहे, पाच मिनिटं पुरतात. ती हात अवघडेपर्यंत उभी. मनात म्हणाली, आता हा येऊन काहीतरी बोलणार. तो आला, वहीत बघून म्हणाला, कारंज्यापर्यंत एकशे सत्तेचाळीस मीटर बासष्ट. आभारी आहे. आणि काठी घेऊन चालायला लागला. तेव्हा त्या मुलीने मागून विचारलं, रविवारीसुद्धा मोजता का तुम्ही?"

बाया हसल्या, आणि मग एकेक करत सगळ्यांच्या नजरा बाकाला टेकवलेल्या लाल-पांढऱ्या काठीकडे गेल्या. उटे म्हणाली, "तरी म्हटलं, पहिलं पाऊल याने टाकलं असेलच कसं."

पाप्केंना हसू आलं नाही. ते बायकोकडे वळले. "हे तू सांगितलंस याला?"

"पहिल्याच वर्षी," मारलीस म्हणाली. "त्याने जिन्यात विचारलं, पुस्तकाबाहेरचं काही माहीत आहे का. नाव कधी घेत नाही तो."

"आणि दर गुरुवारी तू हे ऐकायला येतेस? पाच वर्षं?"

"मग काय करू? घरी कुणी सांगत नाही."

पाच वर्षं पाप्केंनी ज्या माणसाचा हेवा केला तो निळा स्कार्फ बांधायला लावणारा माणूस ते स्वतःच होते, सव्वीस वर्षांचे. खरं म्हणजे यावर माणसाने निवांत व्हायला हवं. पण हेवा इतक्या सहज सुटत नाही. त्यांना आता त्या सव्वीस वर्षांच्या पोराचाही थोडा हेवा वाटला, आणि त्याची गोष्ट इतकी छान सांगणाऱ्याचा तर फारच. शिवाय सांगणाऱ्याने एक चूक केली होती. ती पाच वर्षं दर गुरुवारी होत आली होती आणि कुणी दुरुस्त केली नव्हती.

ते उठले, काठी घेतली आणि हेफेलेंसमोर जाऊन उभे राहिले.

"एबरहार्ट," ते म्हणाले, "तू चुकीचं सांगतोस."

मारलीसच्या हातातलं झाकण खाली पडलं. हेफेले खुर्चीत बसवलेल्या रोग्यासारखे आ वासून बघत राहिले.

"मी लोथार," पाप्के म्हणाले. "आणि हा बाक नव्हे. हा तिसरा. इथून कारंजं एकशे एकतीस मीटर भरतं. ती बसली होती चौथ्यावर."

"चौथ्यावर," हेफेले म्हणाले. "बरं झालं सांगितलंस, लोथार." मग त्यांनी छत्री उघडून वर धरली आणि बारा पाहुण्यांना रांगेने पुढच्या बाकापाशी नेलं. बाया निमूट गेल्या. बूट काढलेली एका पायात बूट घालून गेली. हेफेलेंनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मुलगी पुस्तक वाचत बसली होती इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा मारलीसने पाप्केंच्या हातातून काठी घेतली. चौथ्या बाकापाशी जाऊन ती, कुणी न सांगता, काठी उभी धरून ताठ उभी राहिली. पाप्के मागे मागे चालत कारंज्याच्या बाजूला गेले. तिथून त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं.

काठी जराशी डावीकडे कलली होती. पाप्के काही बोलले नाहीत.